मण्याची दुसरी बाजू

सकाळी जिन्यात कुणी हसून "काय साहेब, बरं आहे ना?" म्हटलं, की ह्याला आपल्याकडून काय हवं असावं, याचा विचार सीलसाहेब दुपारपर्यंत करत बसायचे. दूध नेहमीपेक्षा दाट लागलं, तर दूधवाल्याचं मन त्याला खात असणार. शेजारणीनं चुकून तिच्याकडे गेलेलं पत्र आणून दिलं, तर पाकीट उजेडात धरून त्याचा डिंक बघायचा. माणूस मनानं वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण एकतीस वर्षं विजेच्या मीटरांची तपासणी केल्यावर हसरा चेहरा दिसला, की त्यांचा हात आपोआप खिशातल्या टॉर्चकडे जायचा. ज्यांच्या मीटरमध्ये काही काळंबेरं असे, तीच माणसं फार हसत आणि सारखी पाणी विचारत, असा त्यांचा अनुभव.

सीलसाहेब हे नाव त्यांना गल्ल्यांनी दिलं होतं. मीटरच्या झाकणातून तांब्याची पिळाची तार ओवायची, तिच्या टोकांवर शिशाचा मणी बसवायचा आणि पकडीनं दाबायचा, की झालं सील. मण्याच्या एका बाजूला तपासनिसाचा आकडा उमटतो, दुसऱ्या बाजूला त्या सालाचं अक्षर. साहेबांचा आकडा सत्तेचाळीस. हाताखाली नवा माणूस आला, की पहिल्याच दिवशी ते त्याला बजावत, "एक बाजू सांगते सील कुणी लावलं, दुसरी सांगते कधी लावलं. मणी उलटा करून बघितल्याशिवाय कागदाला पेन टेकवायचं नाही."

एकतीस वर्षांत त्यांचा एकही अहवाल चुकीचा ठरून परत आला नाही. दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्यापाशी नव्हतं; हाच काय तो दागिना. निरोपाच्या दिवशी वरिष्ठांनी भाषणात तसं म्हटलं आणि घरी येऊन साहेबांनी ते वाक्य बायकोला दोनदा ऐकवलं. दोन्ही वेळा ती काही न बोलता उठून आत गेली. त्या न परतलेल्या अहवालांत एक तिच्या धाकट्या भावावरचा होता.

धाकट्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि संध्याकाळी तो एका वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्या गल्लीची तपासणी साहेबांच्या वाट्याला आली. दुकानाच्या मीटरला सील नव्हतं, आणि आत कामाच्या टेबलावर सीलची तोडलेली तार पडली होती, मण्यासकट, सत्तेचाळीसच्या ठशाची. बरोबर साक्षीला लाइनमन होता. "भाऊजी, मी मीटरला हात लावलेला नाही," एवढंच धाकटा म्हणाला. तार कुठून आली, हे त्यानं सांगितलं नाही. नातं दाराबाहेर ठेवून साहेबांनी अहवाल लिहिला. वीज तोडली गेली, दुकान सहा महिने बंद राहिलं आणि गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. शेवटी धाकट्यानं गाशा गुंडाळला आणि तो पुलापलीकडे राहायला गेला. तेव्हापासून त्यानं बहिणीचा उंबरठा ओलांडला नव्हता.

तर त्या घरात एका मंगळवारी दुपारी बायको चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून जिना चढून आली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"गिटार. विजेवरची. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली."

"कशाला?"

"तुमच्यासाठी. दिवसभर माझ्या मागे मागे फिरता, त्यापेक्षा हिच्या मागे लागा. खोला, घासा, रंगवा. तुमच्या हाताला काम, माझ्या डोक्याला आराम."

साहेबांनी चष्मा लावला. चौतीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं एक बटणसुद्धा गरजेशिवाय विकत घेतलं नव्हतं.

"धाकट्याची तर नव्हे?"

"जुन्या बाजारातनं आणली म्हटलं ना! पावती हवी का?"

ती शिवणयंत्रावर जाऊन बसली. लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायचं काम ती घरीच करायची. यंत्र नेहमीपेक्षा जोरात चाललं. साहेबांनी याचीही मनात नोंद केली.

धाकट्याची गिटार कोणत्या रंगाची होती, हे त्यांना आठवेना. त्या दुकानात त्यांची नजर मीटरच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती.

गिटार अगदी दरिद्री अवस्थेत होती. चाळीस वर्षांपूर्वी हौशी पोरांसाठी स्वस्तातल्या गिटारी निघायच्या, त्यांतली असावी. अंगावर काळा ऑइलपेंट थापलेला, आणि त्यात ब्रशचे केस अडकून वाळलेले. सहांपैकी चार खुंट्या गंजलेल्या. बटण फिरवलं की दातांखाली खडा आल्यासारखा आवाज. खालच्या मजल्यावरच्या सुतारानं ती हातात घेऊन, एक डोळा मिटून मानेच्या रेषेत बघितलं आणि बोटानं अंगावर टकटक केलं.

"प्लायवूड आहे, साहेब. हिला गिटार म्हणायचं, म्हणजे स्टुलाला सिंहासन म्हणायचं."

"चोरीची असेल का?"

"ही? चोरानं उलट हिच्याबरोबर माफीची चिठ्ठी ठेवली असती!"

सुतार मनापासून हसला. फार हसला, असं साहेबांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीत जुनं दार दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि कामाला हात घातला. त्यांची पद्धत ठरलेली. खोलण्याआधी वहीत आकृती काढायची. निघालेला प्रत्येक स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्यातल्या एकेका खळग्यात ठेवायचा आणि खळग्यांना आकडे घालायचे. जुन्या तारा सोडवल्या, मान अंगापासून वेगळी केली. पुढची पांढरी प्लास्टिकची पट्टी मात्र निघेना. तिचे स्क्रू रंगाखाली गाडले गेले होते. मग आधी रंग काढायचा ठरलं.

"रंग कुठला द्यायचा?" घासायला बसण्याआधी त्यांनी आत बघून विचारलं.

"आभाळी," यंत्रावरून मान वर न करता बायको म्हणाली. "पण भडक नको. थोडं दूध घातल्यासारखा. आणि वळणांच्या कडेला जरा गडद."

 ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून साहेब घासत राहिले. काळी पूड नाकातोंडात जात होती. तिसऱ्या दिवशी गिटारीच्या अंगाच्या वरच्या, शिंगासारख्या टोकाच्या खोबणीत काळ्याच्या खालून दुसरा रंग डोकावला. त्यांनी हात थांबवला, बोट ओलं करून त्यावरून फिरवलं.

आभाळी होता. दूध घातल्यासारखा. आणि कडेला जरा गडद.

 आत यंत्र चालू होतं. दुसरा कुणी असता तर हाक मारून मोकळा झाला असता. पण आधी पुरावा, मग प्रश्न, हे साहेबांच्या हाडीमाशी खिळलेलं. प्रश्न आधी विचारला की समोरचा सावध होतो.

संध्याकाळी फिरायला जाण्याचं निमित्त करून ते जुन्या बाजारात गेले. वाद्यं ठेवणारं एकच दुकान होतं. दुकानदार एका मोडक्या पेटीचा भाता चिकटवत होता.

"मंगळवारी एका बाईंनी काळी गिटार नेली का इथून?"

"काळी? नाही बुवा. माझ्याकडे वर्षभरात गिटार आलेलीच नाही. का हो, काही लफडं आहे का?"

"नाही, नाही."

"नसेल तर विचारायला कशाला आलात?" दुकानदार आता त्यांच्याकडेच संशयानं बघू लागला, तेव्हा साहेबांनी काढता पाय घेतला.

म्हणजे ती खोटं बोलली होती. मग एकेक गोष्ट आठवू लागली. दर गुरुवारी दुपारी दोरा आणायला म्हणून ती बाहेर पडते आणि तीन तासांनी परत येते. साहेबांनी तिच्या दोऱ्याचा डबा उघडून बघितला. महिन्याभरात एकही नवं रीळ आलेलं नव्हतं. पर्समध्ये हात घालणं त्यांना बरं वाटेना. पण टेबलावर ठेवलेल्या पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट होतं, ते उघड्यावरच होतं म्हणायचं. पुलापलीकडचं तिकीट.

बहीण भावाला भेटते, यात गुन्हा काय? काहीच नाही. पण मग गिटार चोरून का आणायची? ती आपल्याच हातून का उघडवून घ्यायची? ह्या दोघांनी मिळून आपल्यासाठी काहीतरी मांडून ठेवलं आहे, अशी त्यांची खात्री होत चालली. आत काय असेल? चिठ्ठी असेल? शिव्याशाप असतील? त्या रात्री जेवताना ती "अजून वाढू?" म्हणाली, तरी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं.

पुढचा गुरुवार आला. "दोरा आणते," म्हणून ती गेली. जिन्यातली पावलं विरल्यावर साहेबांनी बाल्कनीचं दार ओढून घेतलं, पट्टीच्या स्क्रूंमधला रंग टाचणीनं कोरून काढला आणि अकराही स्क्रू फिरवून पट्टी उचलली.

चिठ्ठी नव्हती. धूळ होती, कोळ्याचं जुनं जाळं होतं, आणि तारांचा गुंता. साहेबांनी वहीत एकेक तार काढायला घेतली. ही बटणाकडे, ही खटक्याकडे. एक तार मात्र वेगळी होती. गिटारीच्या तारा जिथे टेकतात त्या पुलाखालून ती निघत होती आणि आवाजाच्या बटणाच्या पाठीला डाख देऊन जोडली होती. वाजवणाऱ्यानं तारांवर हात ठेवला की ध्वनिवर्धकातली गुणगुण थांबावी, म्हणून ही जोडणी असते; साहेबांना विजेचं एवढं कळत होतं. पण ही तार दुकानात मिळणारी नव्हती. ती तांब्याची, पिळाची होती. लाकडातल्या भोकातून निसटू नये म्हणून तिच्यावर शिशाचा एक चपटा मणी अडकवून ठेवला होता.

त्यांनी टॉर्च जवळ नेला. सत्तेचाळीस.

"सापडलास!" ते पुटपुटले. त्यांच्या छातीत एकदम ऊब दाटली. एकोणीस वर्षं बायकोच्या गप्प बसण्यानं मनात जी बारीक कुसळं रुतली होती, ती सगळी निघाल्यासारखी वाटली. पोरानं सीलाच्या तारा तोडल्या होत्या, नव्हे, वापरल्यासुद्धा होत्या. दागिना शाबूत होता.

मग एकतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी मणी नखानं उलटा केला.

मागे 'ग' होता.

साहेब दोन मिनिटं त्या अक्षराकडे बघत राहिले. धाकट्याच्या दुकानाच्या मीटरला त्यांनी स्वतः सील लावलं, ते 'च'च्या साली. 'ग'ची सीलं त्याच्याही तीन वर्षं आधीची. हा मणी त्या मीटरचा असूच शकत नव्हता.

असेल, हा दुसरा असेल. टेबलावरचा जप्त झाला होता, तो वेगळा असेल. ते उठले, पलंगाखालची पेटी ओढली. सगळ्या अहवालांच्या कार्बनप्रती त्यांनी सालवार बांधून ठेवल्या होत्या. तो कागद सापडायला वेळ लागला नाही. 'जप्त वस्तू: तांब्याची तार, शिशाचा मणी. पुढील ठसा: ४७. मागील ठसा:' आणि त्यापुढे काहीच नाही. रकाना कोरा.

त्यांनी आणखी गठ्ठे सोडले. कुठल्याच अहवालात तो रकाना कोरा नव्हता. नात्यागोत्याचं बघितलं, असं लाइनमनला वाटू नये म्हणून त्या दिवशी आपण किती घाईनं लिहिलं होतं, ते त्यांना आठवलं. आणि आणखी एक आठवलं. टेबलावर काहीतरी उताणं, पोट उघडं करून पडलं होतं. निळसर.

पण मग 'ग'ची तार धाकट्याकडे आली कुठून? तोडलेली जुनी सीलं संध्याकाळी कचेरीत जमा करायची, असा नियम होता. बहुतेक जमा व्हायची. चार-दोन खिशात राहून जायची.

वाऱ्यानं बाल्कनीचा पडदा हलला. खालचा काठ दाराच्या चौकटीवर टकटक आपटला. साहेबांनी तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता. आज ते उठून गेले आणि त्यांनी काठ चिमटीत धरून चाचपला. आत वाटाण्याएवढं काहीतरी कडक होतं. एक वीत पुढे आणखी एक.

बायको परत आली, तेव्हा पडद्याचा काठ उसवलेला होता आणि टेबलावर नऊ मणी ओळीनं मांडलेले होते. सगळे सत्तेचाळीस. सगळे 'ग'.

तिनं चपला काढल्या, पिशवी ठेवली.

"उघडलीत तर."

"हे मणी कुठले?"

"तुमच्या खिशातले. कपडे धुवायला टाकताना निघायचे. पडदा फार उडायचा, म्हणून काठात शिवले. आतापर्यंत चार पडदे बदलले, मणी तेच. तुम्हीच म्हणाला होता, पडदा आता कसा शिस्तीत राहतो."

"आणि तारा?"

"तारा धाकट्याला दिल्या. तांबं चांगलं आहे म्हणाला. दोन तारांचे मणी सैल करायचा मला कंटाळा आला, त्या तशाच दिल्या." ती खुर्चीवर बसली. "त्याच माझ्या भावाला भोवल्या, हे मला आत्ता दोन महिन्यांपूर्वी कळलं. तुम्ही कचेरीतलं घरी सांगत नव्हता, आणि तो तर तोंडच उघडत नव्हता."

"त्यानं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कुणासमोर सांगणार? लाइनमन उभा होता. सील तुमच्या घरातून आलंय म्हटलं असतं, तर त्याचं दुकान वाचलं असतं आणि तुमची नोकरी गेली असती. त्याच संध्याकाळी तो इथे आला होता. तुम्ही दारातूनच 'काय ते कचेरीत बोल' म्हणालात."

म्हणाले होते. शब्द न् शब्द.

"तो म्हणतो, 'ताई, मी वाट बघत होतो. भाऊजी मणी उलटा करतील, त्यांच्या लक्षात येईल, आणि ते गुपचूप खिशात टाकतील. भाऊजी उलटा करत नाहीत, असं होतच नाही.'"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग मला सरळ सांगायचंस. हे गिटारीचं नाटक कशाला?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं? 'तुझा भाऊ, तू त्याचीच बाजू घेणार,' हेच तुम्ही म्हणाला असता ना? तुम्हाला कुणी सांगितलेलं खरं वाटत नाही. तुम्ही स्वतः उघडून बघितलेलंच खरं." तिनं नऊ मणी ओंजळीत गोळा केले. "फक्त रंग माझ्या तोंडून आधी निसटला. तेव्हाच धसका घेतला होता मी."

"काळा कुणी फासला?"

"त्यानंच. दुकानाच्या शटरला लावून उरलेला रंग. वाजवणार नाही म्हणाला पुन्हा."

दुकानाच्या मीटरचं सील मुळात कशानं गेलं, उंदरानं की गंजानं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. त्या दिवशी कुणी शोधलंच नाही.

त्यानंतर पंधरा दिवस साहेबांनी एकाही माणसावर संशय घेतला नाही. वेळच नव्हता. सगळा काळा रंग त्यांनी उतरवला, खड्ड्यांत पुट्टी भरली, एकशे वीस, दोनशे वीस, चारशे अशा चढत्या नंबरांनी अंग घासून गालासारखं गुळगुळीत केलं. प्रायमर मारून गिटार बाल्कनीत कपड्यांच्या दांडीला टांगली. रंग जुळवायला सुतार मदतीला आला. बशीत निळ्यात पांढरा घालत दोघं शिंगाच्या खोबणीतला जपून ठेवलेला जुना ठिपका पुन्हा पुन्हा बघत.

"एवढा जीव स्टुलावर?" सुतार म्हणाला.

"सिंहासन आहे म्हणा," साहेब म्हणाले.

खुंट्या नव्या बसल्या, बटणं आतून धुतली गेली, आतल्या वायरी बदलल्या. पिळाची ती एक तार मात्र त्यांनी मण्यासकट होती तिथेच ठेवली.

गुरुवारी नवराबायको दोघं पुलापलीकडच्या बसमध्ये बसली. धाकट्याची खोली तळमजल्यावर होती. दार त्यानंच उघडलं. केस पांढरे झाले होते आणि उजव्या हाताची बोटं जरा आखडलेली वाटत होती. त्यानं बहिणीकडे बघितलं, मग भाऊजींकडे, मग चादरीच्या गाठोड्याकडे. "या" म्हणाला नाही. गाठोडं घेतलं, दारातल्या कट्ट्यावर ठेवून सोडलं आणि तपासायला लागला.

गिटार उलटी केली, सुलटी केली. एक डोळा मिटून मानेच्या रेषेत बघितलं. रंग नाकाशी नेऊन हुंगला. प्रत्येक स्क्रूवरून बोट फिरवलं.

"स्क्रू तेच आहेत?"

"तेच. आकडे घालून ठेवले होते."

"आतली तार?"

"तीच."

साहेब हात मागे बांधून उभे होते. दुसरा तपासत असताना आपण नुसतं उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.  विनाकारण हसू येईल असं वाटलं, आणि या तपासणाऱ्या माणसाला पाणी विचारावं, असंही. ते त्यांनी दोन्ही आवरलं. खिशातून कार्बनप्रत काढून पुढे केली.

"हा रकाना कोरा आहे," ते म्हणाले. त्यापुढचं वाक्य त्यांनी बसमध्ये तयार केलं होतं. ते काही केल्या तोंडातून निघेना.

धाकट्यानं कागद हातात घेतला नाही. "माहीत आहे मला, भाऊजी. खाली सही माझीच आहे. वाचून केली होती."

 बहीण पदरानं डोळे पुसत होती. धाकटा गिटारीवर वाकला, रंगाकडे पुन्हा बघितलं.

"दूध थोडं जास्त पडलंय," तो म्हणाला.

"मी म्हटलं होतं यांना," बहीण नाक ओढत म्हणाली.

धाकट्यानं गिटार उचलली, आत जायला वळला आणि थांबला. साहेबांची नजर, त्यांनी कितीही आवरली तरी, दाराशेजारच्या मीटरकडे गेली होती.

"बघा, बघून घ्या," धाकटा म्हणाला. "नाहीतर आत बसून चहा गोड लागायचा नाही तुम्हाला."

साहेब कानापर्यंत लाल झाले. पण बघितलं. सील जागेवर होतं.

"उलटा करून बघा."

त्यांनी मणी दोन बोटांत धरला आणि उलटा केला. मग चपला काढून, वाकून, ते आत गेले.